गिरणीच्या जागेवरचा सिनेमा आणि कास्तकाराचा हिशेब

हिवाळा लागला की आपल्या झरी, मुकुटबन, पाटण, शिबला भागातून नागपूरकडे गाड्या निघतात. कुणी अ‍ॅग्रोव्हिजनचं प्रदर्शन पाहायला जातं, कुणी वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत अभ्यास सहलीला. दिवसभर बियाणं, ठिबक, अवजारं पाहून झाली की संध्याकाळी गाडीतली तरणी पोरं हळूच विषय काढतात, "इतक्या दूर आलोच आहोत तर मॉलमधला सिनेमा पाहून जाऊ ना भाऊ." यावर म्हातारी मंडळी म्हणतात, "पैसे काय पऱ्हाटीला लागले?" प्रत्यक्षात पैसे पऱ्हाटीलाच लागतात, आणि तिथंच तर सगळी गोम आहे.

माझं मत विचाराल तर जरूर जा. लेकरांना न्या, घरच्या बाईमाणसाला न्या. वर्षभर वावरात राबणाऱ्या माणसानं चार घटका थंड हवेत बसून सिनेमा पाहिला तर त्यात वावगं काही नाही. मात्र नुसते डोळे दिपवून परत येऊ नका. मल्टिप्लेक्स म्हणजे एकाच छताखाली चार-सहा सिनेमागृहं. हा एक धंदा आहे, आणि हा धंदा कसा चालतो हे कास्तकारानं बारकाईनं पाहिलं तर तिकिटाचे पैसे वसूल होतात.

जायच्या आधी

पांढरकवड्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ लागला की हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिकिटाचा दर सगळीकडे सारखा नसतो. तो दिवसाप्रमाणे, खेळाप्रमाणे, खुर्चीप्रमाणे बदलतो. शनिवार-रविवारी जास्त, मधल्या वारी आणि सकाळच्या खेळाला कमी. तेव्हा आधी विचारून घ्यावं. तिकिटावर वस्तू व सेवा कर असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के आहे.

दारावर अंगझडती होते. खर्ऱ्याची पुडी, तंबाखूची डबी, माचीस बाहेरच राहते, त्यावरून पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. घरून नेलेली भाकर-चटणी आत नेऊ देतील याचा भरवसा नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला, की बाहेरचं खाणं रोखण्याचा अधिकार सिनेमागृहाच्या मालकाला आहे. पण त्याच निकालात दोन गोष्टी आपल्या बाजूच्याही आहेत. प्यायचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या लेकराचं खाणं आत नेता आलं पाहिजे. त्यामुळे बाटली विकत घेण्याआधी "पिण्याचं पाणी कुठं आहे?" असं खुशाल विचारावं. त्यात लाज कसली?

सरकत्या जिन्यावर लुगड्याचा काठ सांभाळावा, म्हाताऱ्या माणसाचा हात धरावा. आत बसल्यावर बाहेर पडायचा दरवाजा कुठं आहे तो आधी पाहून ठेवावा. १९९७ साली दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाला आग लागून ५९ माणसं गेली, कारण त्यांना बाहेर पडायची वाट मिळाली नाही.

आता खर्चाचा अंदाज. देशातली सगळ्यात मोठी साखळी पीव्हीआर आयनॉक्सची. तिच्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार सरासरी तिकीट अडीचशे रुपयांच्या वर होतं, आणि माणशी खाण्यापिण्याचा खर्च सव्वाशेच्या वर. पाच माणसांचं घर धरलं तर दोन हजारांच्या घरात जातं, गाडीभाडं वेगळं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. तोही पदरात पडला तर. म्हणजे एका संध्याकाळचा सिनेमा पाव क्विंटल कापसाला पडतो. पाव क्विंटल वेचायला किती वेळ वाकावं लागतं, हे आपल्या मायबहिणींना सांगावयास नको. एवढा कापूस मोजून आपण आत जाणार असू, तर आत काय चाललंय ते नीट पाहायला हवं.

पायाखालची जमीन

नागपुरात मल्टिप्लेक्स बरेच आहेत. पण कापूसवाल्या माणसानं एकदा तरी एम्प्रेस मॉलमध्ये जावं. गांधीसागर तलावाजवळ तो आहे. जवळच्या भागाला आजही कॉटन मार्केट म्हणतात, मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव आहे. त्या बाजारात आता भाजीपाला विकला जातो. नावात तेवढा कापूस उरला.

मॉल ज्या जमिनीवर उभा आहे, तिथं पूर्वी एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस. त्या काळी कापडगिरणी म्हटली की मुंबई. टाटांनी मात्र उलटा विचार केला. कापूस जिथं पिकतो त्याच्या जवळ गिरणी हवी. नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे आलेली, कोळशाच्या खाणी हाकेच्या अंतरावर, आणि भोवती वऱ्हाड-वर्धेची काळी कपाशीची जमीन. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, यवतमाळ हे नाव १९०५ पासूनचं. गिरणीची जागा तळ्याकाठची दलदलीची होती. तिथं भरणी घालताना पाहून एका सावकारानं म्हणे कर्ज द्यायला नकार दिला, की हा माणूस जमिनीत सोनं पुरतो आहे. पुढं त्यालाच कबूल करावं लागलं, की यानं माती टाकली आणि सोनं काढलं.

ही गिरणी शंभरावर वर्षे चालली. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज त्याच जागेवर तयार कपड्यांची दुकानं आहेत आणि वर सिनेमा आहे.

सिनेमाला वेळ असला तर खालच्या दुकानात शर्टाची चिठ्ठी वाचून पाहा. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की त्यातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. कताई-विणाईतली तूट वजा केली तरी तेवढ्या रुईत शंभरावर सुती शर्ट होतात. म्हणजे एका शर्टात आपला कापूस ६०-७० रुपयांचा, आणि त्यातही सरकीची किंमत धरलेली. चिठ्ठीवर हजाराच्या पुढचा आकडा असतो. मधले पैसे कातणाऱ्याचे, विणणाऱ्याचे, रंगवणाऱ्याचे, शिवणाऱ्याचे, जाहिरातवाल्याचे, दुकानवाल्याचे. ते सगळेच लुटारू आहेत असं मी म्हणत नाही, कामाचा मोबदला प्रत्येकाला हवाच. पण गिरणी गावाजवळून गेली की तो मोबदलाही गावाजवळून जातो, एवढं ध्यानात घ्यावं.

एक मोठा पडदा की सहा लहान?

आता वर चला. वणी, पांढरकवडा, यवतमाळची जुनी टॉकीज ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल. एकच मोठा पडदा, खाली बाकडी, वर बाल्कनी, सातआठशे माणसांची बैठक. सिनेमा चालला तर काळ्या बाजारात तिकिटं, आणि पडला तर सातशे खुर्च्यांत साठ माणसं. पंखे, वीज, नोकर तेवढेच लागायचे. घरोघरी टीव्ही आला, मग मोबाईल आला, आणि अशी कितीतरी टॉकीज बसली. काहींची गोदामं झाली, काहींची मंगल कार्यालयं.

दिल्लीत साकेतला अनुपम नावाचं असंच एक टॉकीज होतं. १९९७ मध्ये त्याचे चार पडदे केले गेले, आणि देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स म्हणून ते गाजलं. आपल्या राज्य सरकारनंही २००१ मध्ये सवलत दिली. नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ, आणि पुढची दोन वर्षे फक्त पाव हिस्सा. ठिबकला, शेततळ्याला अनुदान असतं तसंच हेही. अनुदान फक्त कास्तकारालाच मिळतं, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पडदे जास्त असल्यानं काय साधतं? शुक्रवारी लागलेल्या सिनेमाला गर्दी झाली, तर तोच सिनेमा दोन-तीन पडद्यांवर लावतात. गर्दी नसली, तर दोन दिवसांत त्याला मोठ्या दालनातून लहान दालनात हलवतात, आठवड्यात उतरवूनही टाकतात. एका दालनात मारामारीचा हिंदी सिनेमा, दुसऱ्यात लेकरांचा, तिसऱ्यात मराठी. एक पडला तर दुसरा तारतो. तिकीट, स्वच्छतागृह, खाण्याचा ठेला, नोकर मात्र सगळ्यांना मिळून एकच.

बंधूंनो, हे आपल्याला नवं आहे का? आपले बापजादे पऱ्हाटीच्या वावरात तुरीची तासं घालत, धुऱ्यावर अंबाडी, मधे मूग-उडीद, घरापुरती ज्वारी. हेच त्यांचं मल्टिप्लेक्स होतं! नंतर आपण ते सोडलं आणि धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत एकच पऱ्हाटी लावली. एक मोठा पडदा, एकच सिनेमा. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा तो पडदा फाटला. ज्यांच्या वावरात तुरीची दोन तासं होती, त्यांच्या घरात निदान वरणाला डाळ तरी राहिली.

आणखी एक गोष्ट. न चालणारा सिनेमा ते मुकाट्यानं उतरवतात, त्याच्यात जीव अडकवत नाहीत. आपण मात्र कापूस संपत आला तरी फरदड ठेवतो. आणखी दोन पाणी देतो, चार बोंडं मिळतील म्हणून मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवतो. तीच फरदड बोंडअळीला खाऊ घालते आणि पुढल्या हंगामाची अळी आपल्याच वावरात पोसते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, हे आम्ही विस्ताराच्या कामातले लोक दरवर्षी ओरडून सांगतो. आमचं ऐकत नसाल तर निदान सिनेमावाल्याचं पाहून तरी शिका.

लाह्यांचा हिशेब

मध्यंतरात सगळे उठतात आणि लाह्यांच्या ठेल्यापुढे रांग लागते. मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न. मोठा डबा घ्यायला शंभराच्या नोटा मोडाव्या लागतात. पोरगं हट्ट धरतं, बाप चिठ्ठी पाहून गप्प होतो.

या लाह्या कोणत्याही मक्याच्या होत नाहीत. त्याचा वाण वेगळा, दाणा लहान आणि टरफल कडक. दाण्यात १३-१४ टक्के ओलावा राखावा लागतो. तापवल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, टरफल ती कोंडून धरतं, आणि १८० अंशांच्या आसपास दाणा फुटून उलटा होतो. ओलावा कमी पडला तर दाणा नुसताच करपतो, टरफलाला चीर गेली तर वाफ निसटते. चांगला दाणा तीस-चाळीस पट फुगतो. म्हणजे चार लिटरच्या मोठ्या डब्यात शंभरेक ग्रॅम मका असतो. साध्या मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजे शंभर ग्रॅमचे दोन रुपये चाळीस पैसे. लाह्यांचा मका महाग असतो, त्याचे चार-पाच पट धरा, तरी दहा-बारा रुपये झाले. बाकी तेल, मीठ, वीज, डबा, जागेचं भाडं आणि नफा.

पण हा भाव असा का, हेही समजून घ्या. तिकिटाचा पैसा पूर्ण सिनेमागृहाचा नसतो. कर कापल्यावर उरलेल्यात सिनेमा पुरवणाऱ्याचा हिस्सा असतो, आपल्याकडे बटईत असतो तसा. २००९ मध्ये या हिस्स्यावरून निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात तंटा झाला. निर्मात्यांनी एप्रिलपासून दोन महिने नवे हिंदी सिनेमे दिलेच नाहीत. शेवटी जूनमध्ये तडजोड झाली. पहिल्या आठवड्यात निर्मात्याकडे ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. लाह्यांत मात्र निर्मात्याचा वाटा नाही. त्यामुळे सिनेमागृहाचा जीव लाह्यांत.

यात दोन धडे आहेत. पहिला, कच्चा माल विकणाऱ्यापेक्षा त्याच्यावर शेवटचा हात फिरवणारा जास्त कमावतो. दुसरा धडा त्याहून मोठा आहे. निर्मात्यांनी माल दोन महिने रोखून धरला आणि मग बोलणी केली. आपण कापूस रोखू शकतो का? दिवाळी तोंडावर, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर, सोसायटीचं कर्ज मागं. घरात ठेवला तर अंगाला खाज आणि आगीची धास्ती. पहिल्या वेच्याचा कापूस मिळेल त्या भावानं जातो. ज्याला थांबता येतं तोच भाव बोलतो, हा सगळ्या बाजारांचा नियम आहे.

कापसाचं नाही, पण तूर, सोयाबीन, हरभरा, मका यांचं थोडं थांबणं आपल्या हातात आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला, की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. आपल्या बाजार समितीत ती राबवली जाते का, गोदामात जागा आहे का, हे हंगामाआधी विचारा. राबवत नसतील तर का नाही, हेही विचारा.

मग आपणही लाह्यांचा मका पेरावा का?

हा प्रश्न कुणी ना कुणी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. घाईनं पेरू नका. आपल्याकडे मका म्हटला की रानडुकराला जेवणाचं आमंत्रण. २०१८ पासून मक्यावर लष्करी अळीही आली आहे. लाह्यांच्या मक्याला गावच्या बाजारात गिऱ्हाईक नाही, आधी घेणारा ठरवावा लागतो आणि ओलावा मोजून द्यावा लागतो. ज्याच्याकडे पाणी, कुंपण आणि खरेदीदार तिन्ही असतील त्यानं दहा गुंठे करून पाहावं. बाकीच्यांनी लाह्यांमागचं गणित घ्यावं, लाह्या नव्हेत.

ते गणित आपल्या तुरीला लागू पडतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी दाल मिल गावपातळीवर चालते. क्विंटलभर तुरीतून सत्तर किलोच्या आसपास डाळ मिळते, चुनी-कोंडा ढोरांना होतो. बचत गटातल्या बायांनी ही डाळ स्वच्छ करून, एक-एक किलोच्या पिशव्या भरून विकली, तर तुरीवरचा शेवटचा हात आपल्या गावचा राहतो. दाल मिल एकट्याला परवडत नाही. गटानं घेतली तर तिला वर्षभर काम पुरतं.

दोन-दोन रुपयांचा सिनेमा

गटाचं नाव काढलं की आपली मंडळी म्हणतात, "साहेब, आपल्याकडे दोन माणसं एका धुऱ्यावर नीट उभी राहत नाहीत." त्यांच्यासाठी एका सिनेमाचीच गोष्ट. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. गुजरातच्या दूध सहकाराची कथा. त्याचे निर्माते कोण होते? गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक. प्रत्येकानं दोन रुपये दिले, दहा लाख रुपये उभे राहिले आणि सिनेमा झाला. मग तेच शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा पाहायला गेले. २०२४ च्या मे महिन्यात त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली आणि जूनमध्ये आपल्याकडच्या मल्टिप्लेक्समध्ये पुन्हा लागली.

विदर्भाच्या कापूसवाल्याची गोष्टही पडद्यावर आली आहे. २००९ मध्ये सतीश मनवर यांनी 'गाभ्रीचा पाऊस' काढला. त्यातला कर्जानं आणि पावसानं गांजलेला कास्तकार आपल्यातलाच वाटतो. दोन्ही सिनेमे शेतकऱ्यांचे. एकात तो एकटा आभाळाकडे पाहतो, दुसऱ्यात तो शेजाऱ्यासोबत डेअरीच्या रांगेत उभा आहे. दूधवाल्यांना पाऊस वेगळा पडत नव्हता. दूध तापवणं, लोणी काढणं, विकणं त्यांनी आपल्या हातात ठेवलं, फरक एवढाच.

सरपंच आणि सचिव मंडळींना एक विनंती. अभ्यास सहल आखताना संध्याकाळचे दोन तास राखून ठेवा आणि पोरांना एम्प्रेस मॉल दाखवा. सिनेमा पाहू द्या, हसू द्या. परत आल्यावर मात्र ग्रामसभेत त्यांनाच उभं करून तीन आकडे सांगायला लावा. शर्टात कापूस किती रुपयांचा, लाह्यांत मका किती रुपयांचा, आणि आपल्या गावातून गेल्या वर्षी किती क्विंटल तूर डाळ न होता बाहेर गेली. पहिले दोन आकडे या लेखात आहेत. तिसरा तुमच्या गावाचा तुम्हालाच काढावा लागेल. तो फळ्यावर लिहिला, की दाल मिलसाठी दोन-दोन रुपये काढायला माणसं तयार होतात की नाही ते पाहा.